उतारावरचं डिझेल

तमिळनाडूतल्या आमच्या संकगिरीत, या लॉऱ्यांच्या गावात, माणसाची किंमत त्याच्या गाडीच्या ॲव्हरेजवर ठरते. ड्रायव्हर मुलाचं स्थळ आलं की पगाराच्या आधी विचारतात, "लिटरला किती काढतो?" या बाबतीत आमच्या शेजारचे चेल्लमुत्तूअण्णा म्हणजे गावाचे राजे. तीच लॉरी, तोच रस्ता, तेवढाच माल, पण दुसरा ड्रायव्हर परत येईतो टाकीचा तळ दिसायचा आणि अण्णांच्या टाकीत डिझेल हिंदकळत असायचं.

आमची सोनं आटवायची भट्टी त्यांच्या भिंतीला लागून आहे. लग्न होऊन विट्याहून इथे आले तेव्हापासून मी या माणसाची चिकाटी बघत आले आहे. खरं तर मी कंजुषी म्हणणार होते, पण त्यांची बायको पावायीअक्का चिडते. तिनं स्वतः म्हटलेलं मात्र चालतं.

अण्णा चपला काढून अनवाणी गाडी चालवायचे. चामडं मध्ये आलं की पायाला किती दाबतोय ते कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. निघायच्या आधी लाकडी दांडक्यानं एकेक टायर ठोकून आवाज ऐकायचे, हवा कमी वाटली तर भरल्याशिवाय हलायचे नाहीत. ताडपत्री अशी ताणून बांधायचे की वारा आत शिरायला वाव नाही. लांबवर गतिरोधक दिसला की पाय उचलायचे आणि गाडी तिच्या तिच्या मनानं तिथवर जाऊ द्यायचे. "ब्रेक मारला म्हणजे आधी जाळलेलं सगळं रस्त्यावर ओतलं," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की मला झोपेतही म्हणता येईल. हाच छंद घरात. भात अर्धा शिजला की हे जाऊन गॅस बंद करणार आणि झाकणावर पाटा ठेवणार. "आता आपल्या वाफेवर होईल." पावायीअक्का चिडून म्हणायची, "एक दिवस मलाही झाकून ठेवा, माझ्या वाफेवर म्हातारी होते मी."

हसू नका, त्या वाफेवरच त्यांचं घर उभं राहिलं. मालकाचा नियम असा की फेरीला डिझेल ठरवून द्यायचं आणि वाचेल त्याचे पैसे ड्रायव्हरचे. त्या पैशांवर त्यांची मुलगी तेन्मोळी नर्सिंग शिकली.

पण सगळं डिझेल काही अनवाणी पायानं वाचत नव्हतं. धर्मपुरीकडून सेलमला उतरताना तोप्पूरचा घाट लागतो. माथ्यावर आलं की गिअर न्यूट्रलला टाकायचा, इंजिन बंद करायचं आणि भरलेली लॉरी तिच्या वजनावर खाली सोडायची. इतका रस्ता फुकट. इंजिन बंद म्हणजे गाडीला मागे ओढून धरणारं कुणी नाही, आणि चार वेळा ब्रेक दाबला की त्यातली हवाही संपते. या घाटात किती गाड्या एकमेकींवर चढल्या ते संकगिरीत सगळ्यांना माहीत आहे, आणि तरी सगळे तसेच उतरतात.

अण्णांची एक आवडती गंमत होती. तरुणपणी धर्मपुरीच्या एका लग्नाहून पावायीअक्काला ते लॉरीतून घेऊन आले. घाटात इंजिन बंद केलं तशी तिनं गळ्यातली ताली, म्हणजे इकडचं मंगळसूत्र, मुठीत धरली आणि पायथ्यापर्यंत सोडली नाही. "हिला वाटलं गाडीचा जीव गेला!" असं म्हणून अण्णा हसायचे आणि सगळे हसायचे. अक्का उठून आत जायची.

पुढे अण्णांचा गुडघा गेला आणि ती लॉरी जावयाकडे आली. दुरैसामी चांगला मुलगा. सासऱ्याला देव मानायचा, आणि देवाचं ॲव्हरेज मोडायचं हेच त्याच्या डोक्यात. यंदा तेन्मोळी सातव्या महिन्यात बांगड्या भरून, म्हणजे इथलं डोहाळजेवण होऊन, माहेरी आली आणि त्याच आठवड्यात एक ड्रायव्हर अंगणात उभा राहून कौतुकानं सांगून गेला, "अण्णा, तुमचा जावई तोप्पूर उतरत नाही, उडतो! माझ्या बाजूनं असा गेला की आवाजसुद्धा नाही."

तेन्मोळी दारातच होती. त्या दिवसापासून नवरा परतीच्या वाटेवर असला की तिच्या घशाखाली घास उतरेना. मी लाडू करून नेले तर म्हणाली, "मावशी, ते घाट उतरले की खाते."

"सांगा त्यांना," पावायीअक्का नवऱ्याला म्हणाली.

"जावयाला? मी?"

आमच्याकडे जावयाला कुणी बोलत नाही, तसं यांच्यातही नाही. जावई आला की सासरा खुर्ची सोडतो. बिचाऱ्या अण्णांनी आडून प्रयत्न केला. दुरैसामी ओट्यावर बसलेला असताना मला मोठ्यानं म्हणाले, "ताई, मिस्त्री सांगत होता, या नव्या गाड्यांत गिअरमध्ये ठेवून पाय उचलला की डिझेल आपोआप बंद होतं. न्यूट्रलमध्ये उलट थोडं जळतच राहतं."

"म्हणून तर मी इंजिनच बंद करतो, मामा," दुरैसामी हसून म्हणाला. "तुमच्याकडूनच शिकलो."

दोन दिवसांनी अण्णा एकदम म्हणाले, "जावईबापू, या फेरीला क्लीनर म्हणून मी येतो."

सासरा जावयाचा क्लीनर! लॉरीच्या अड्ड्यावर लोक पोट धरून हसले. "अण्णा, काच नीट पुसा हं, नाहीतर जावई पगार कापेल!" अण्णा दुखरा गुडघा ओढत चढले आणि डावीकडच्या सीटवर बसले. आयुष्यात पहिल्यांदा.

लासलगावहून कांदा भरून गाडी परत आली त्या संध्याकाळी दुरैसामी ओट्यावर बसून आम्हाला सगळं सांगत होता.

"घाटमाथ्यावर मी गिअर काढला आणि मामा म्हणाले, गाडी थांबवा. मला वाटलं, लघवीला जायचं असेल. खाली उतरून म्हणाले, तुम्ही व्हा पुढे. मी चालत येतो."

"चालत? त्या गुडघ्यानं?" तेन्मोळी म्हणाली.

"मी पण तेच म्हटलं. तर म्हणतात, जावईबापू, मला भीती वाटते. चाक हातात असताना कधी वाटली नाही. या बाजूला बसलो तर हातात काहीच नाही हो, नुसतं बघत बसायचं. तुम्हाला मी काही सांगत नाही. पण मला नाही बसवणार."

"मग?"

"मग काय, निघाले! कडेकडेनं, लंगडत. बाजूनं लॉऱ्या जातायत, माणसं डोकं बाहेर काढून बघतायत. सासऱ्याला भर उन्हात घाटात चालवतोय मी! गाडी चालू केली, पहिल्या गिअरला टाकली, दिवे लुकलुकत ठेवले आणि त्यांच्या मागून आलो. मागचे हॉर्न वाजवून शिव्या घालत होते. एक वळण गेलं, दुसरं गेलं. शेवटी गाडी थांबवून मी उडी मारली आणि त्यांच्या पायाला हात लावला. म्हटलं, मामा, बसा. गिअरमध्येच उतरतो. आज पण आणि पुढे पण. तेव्हा चढले."

तेन्मोळीनं पदर तोंडाला लावला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मावशी, लाडू आहेत का अजून?" मी डबा आणायला उठले. त्या फेरीचं ॲव्हरेज इतकं पडलं होतं की अड्ड्यावर वर्षभर चेष्टा पुरली असती.

मी डबा घेऊन परत आले तेव्हा अण्णा अंगणातल्या नळावर पाय धुऊन आले होते. गुडघा भोपळ्यासारखा सुजला होता. पावायीअक्का तेल कोमट करून खाली बसली आणि चोळायला लागली. आम्ही सगळे तिथेच आहोत याचं त्यांना भान नसावं, नाहीतर हा माणूस असं बोलणाऱ्यातला नव्हे.

"पावायी," ते म्हणाले, "लग्नाहून येताना तू घाबरली होतीस. मी हसलो. मग त्यानंतर मी एकटा जायचो, तेव्हा तू इथे... इतकी वर्षं. शेवटी शेवटी सवय झाली असेल ना तुला?"

अक्काचा हात थांबला.

"नाही झाली," ती म्हणाली. "एकदासुद्धा नाही."

अण्णांनी तिचा तेलाचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि आमच्यादेखत ते रडले.