अण्णाने बसवलेली तार

पुण्याच्या प्रयोगशाळेत आमचं चुंबक माणसाएवढं उंच होतं. त्याच्या दोन ध्रुवांमधल्या फटीत द्रव भरलेली बारीक काचनळी ठेवायची, तिच्यावर रेडिओलहरी सोडायच्या आणि आतल्या अणूंचं उत्तर कागदावर उमटवून घ्यायचं, हे आमचं काम. चुंबकाचा जोर फटीत सगळीकडे सारखा असेल तरच रेषा बारीक आणि सुट्या येतात. आमच्याकडे तो सारखा नव्हता. मद्यार्काच्या नळीतून तीन रेषा यायला हव्या होत्या तिथे एकच जाड उंचवटा येई. ध्रुव घासून झाले, नळी गरगर फिरवून झाली. शेवटी सरांनी ठरवलं, ध्रुवांवर तारेची चपटी वेटोळी बसवायची आणि त्यांतून थोडा थोडा प्रवाह सोडून चुंबकाच्या जोरातला कमीजास्तपणा काढायचा.

तेवढ्यात घरून निरोप आला. माझा थोरला भाऊ, अण्णा, जंगलात सागवानाचा ओंडका गाडीवर चढवताना पडला होता. मांडीचं हाड मोडलं होतं. सरांनी लगेच रजा दिली. वेटोळी घरी बसून करावीत म्हणून त्यांचं सामान मीच मागून घेतलं: रेघा आखलेले बेकलाइटचे पत्रे, इनॅमल चढवलेली तांब्याची तार, चिकटवायला लाख.

बेळगावच्या पलीकडे रामनगरला उतरून नंदिगड्ड्याजवळच्या आमच्या गावी पोचलो. बेळगावात प्लास्टर घालून अण्णाला घरी आणलं होतं. तो भिंतीकडे तोंड करून पडून असे. कोणाशी बोलत नाही, जेवण परत पाठवतो, असं वैनीने सांगितलं. सुगीचे दिवस होते. सकाळी मी तिच्याबरोबर भात कापायला जाई आणि दुपारी अण्णाच्या खाटेपाशी बसून रेघांवर तार बसवी.

काही दिवसांनी त्याने मान वळवली.

"काय करालास रं?"

मी सांगितलं. जोर इथे जास्त, तिथे कमी, म्हणून एकाच जातीचे अणू वेगवेगळं बोलतात आणि सगळं एकमेकांत मिसळून जातं. त्याला किती कळलं ठाऊक नाही. त्याने हात पुढे केला.

"दे हिकडं. पडून पडून जीव आंबलाय."

त्या दिवसापासून तार तो बसवू लागला, वैनी रीळ धरून सोडू लागली. काम करता करता तो बोलू लागला. ओंडका कसा घसरला, आपण ओरडलो की नाही हेही आठवत नाही, आता पाय धरेल की नाही याची भीती वाटते, हे सगळं तो तारेकडे बघत सांगे. वैनी रीळ सोडत ऐके.

पुण्यात वेटोळी बसवली तर एकाचं इनॅमल खरवडलेलं निघालं, तारेला तार टेकून प्रवाह मधूनच पळत होता. शिमग्याला मी नवा पत्रा घेऊन गेलो. तोवर अण्णा काठी घेऊन अंगणापर्यंत येत होता. त्याने ते वेटोळं पुन्हा केलं, सावकाश.

पुण्यात ते बसवल्यावर प्रवाह कमीजास्त करत सर आणि मी दिवसभर बसलो. संध्याकाळी उंचवटा फुटला. तीन रेषा आल्या, एकीपेक्षा एक उंच. सरांनी कागदाच्या कोपऱ्यात तारीख घातली.

पुढच्या खेपेला जुना आणि नवा, दोन्ही कागद घरी नेले. अण्णाने ते मांडीवर शेजारी शेजारी धरले.

"हे तिन्ही आधीपास्नं हुतं?"

"व्हय. दिसत न्हवतं."

त्याने मान हलवली आणि कागद वैनीकडे दिले.

त्याचा पाय किंचित आखूड राहिला. जंगलाच्या कामाला तो परत गेला नाही. पण त्या पावसाळ्यात भाताच्या चिखलणीला स्वतः उतरला. वैनी बांधावरून हळू चला म्हणत होती आणि तो ऐकत नव्हता.