अर्धी टाकी

कुठल्याही गॅरेजात इंजिन गार ठेवणाऱ्या हिरव्या कूलंटचा गोडसर वास आला की माझं डोकं फिरतं. वडिलांची जुनी गाडी परभणीहून चारठाण्याला जाताना हमखास तापायची, म्हणून मी रेडिएटरला नळी जोडून प्लास्टिकची एक जादा टाकी बसवली. तापून फुगलेलं पाणी तिच्यात यावं आणि गार झालं की परत जावं, यासाठी टाकी अर्धी रिकामी हवी. मी अगदी अर्ध्यावरच्या खुणेपर्यंतच भरायचो, तरी दर खेपेला गाडीखाली हिरवं थारोळं! क्लिपा आवळल्या, झाकण बदललं, नळी तीनदा कापून बसवली, टाकी विकणाऱ्याला शिव्या घातल्या. मग एकदा सकाळी निघताना पाहिलं, तर वडील तांब्यानं टाकी काठोकाठ भरत होते. "अण्णा, काय करायलाव हे?" मी ओरडलोच. "गावाला निघताना भांडं अर्धं ठेवू न्हाई," ते शांतपणे म्हणाले, "दर बारीला मीच भरतो की." मी तांब्या हिसकावून घेतला. आता ते नाहीत. टाकी बरोबर अर्धी असते, एक थेंब सांडत नाही, आणि मला त्याचाच राग येतो.