पुठ्ठ्यावरचा तेलाचा डाग

बाबा, तुमच्या जेट स्कीचं तेल गळायचं थांबलंय.

आणि माझे हातपाय गार पडलेत.

सासऱ्यांना जाऊन आज महिना झाला. उद्या माझा नवरा नितीन सीझनची पहिली राइड घेऊन समुद्रात जाणार. पहिल्यांदाच, बाबांशिवाय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नितीनने मागच्या सीझनला सेकंडहँड जेट स्की घेतली, टुरिस्टना फिरवायला. बाबा मोरा बंदरावरचे कोळी. जन्मभर मासेमारी केली, मग आमच्याकडे नवीन पनवेलला राहायला आले.

स्की बघून म्हणाले, "ही काय होरी हाय? ही त पान्यातली स्कूटर!"

आणि दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये तिच्याखाली आडवे झालेले तेच.

बुडाला शिंपले नुसते चिकटून बसले होते. बाबांनी लाकडी पट्टीने एकेक खरवडून काढला. नितीनने इंजिनचं सील बदललं, गॅस्केट बदललं, खाली पुठ्ठा अंथरला.

सकाळी पुठ्ठ्यावर तेलाचा डाग.

पुन्हा उघडलं, पुन्हा बसवलं. पुन्हा डाग.

तळोज्याहून मेकॅनिक आला. "वहिनी, इंजिन एकदम कोरडं आहे," म्हणाला. मग हे काय, तिला घाम आलाय?

माझं माहेर सांगलीचं, समुद्र मला फोटोतच बरा. मध्येच इंजिन बंद पडलं तर? मागे कुणाचं लेकरू बसलेलं असलं तर? नितीन राइडवर असला की मी ऑफिसातून सारखे फोन लावायचे. उचलला नाही की संपलंच.

शेवटी चोर पकडला सोसायटीच्या मांजरीने.

ती पुठ्ठा चाटत होती. अगदी चवीने.

मला सांगा, मांजर इंजिन ऑइल चाटतं का हो कधी?

मी बाबांकडे बघितलं. बाबा लगेच सेक्रेटरीच्या गाडीकडे बघायला लागले.

लाकडी होडीला माशाचं तेल लावतात ना, तसं यांनी फायबरच्या स्कीलाही आतून चोपडलं होतं. गुपचूप. तेच पाणी काढायच्या मागच्या भोकातून ठिबकत होतं! मला वाटायचं समुद्राचाच वास. आणि नितीनच्या नाकाला तो जन्मापासूनचा, त्याला काही वेगळं वाटलंच नाही.

"अहो बाबा, ही फायबरची आहे! हिला कशाला तेल?"

"सूनबाय, पान्यान जानाऱ्याला तेल लावाचाच. माजा पोर बसतंय तिच्यावर."

नितीन जाम ओरडला. बाबा "बरा" म्हणाले.

डाग पडतच राहिले. मी गपचूप पुठ्ठा बदलायचे.

कारण डाग दिसला की मला धीर यायचा. म्हणजे बाबांनी हात फिरवलाय. म्हणजे नितीन घरी येणार. वेडेपणा आहे, माहितीये मला. पण त्यावर माझा सीझन निघाला.

काल नितीनने पावसाळाभर झाकलेली स्की बाहेर काढली. बूड घासलं, इंजिन चालू करून बघितलं, खाली नवा पुठ्ठा टाकला.

आज सकाळी पुठ्ठा कोरडा.

"बघ, एक थेंब नाही!" नितीन खूश.

मी वर आले आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

मग माळ्यावरून बाबांची बाटली काढली. काय तो वास, देवा! खाली जाऊन सीट उचलली, चिंधी बुडवली आणि त्यांच्यासारखाच आतून हात फिरवला.

नितीन जिन्यात उभा राहून बघत होता. ओरडला नाही. खाली आला आणि नुसती सीट धरून उभा राहिला.

मांजर मात्र लगेच हजर.

भीती काही गेलेली नाही. उद्या तो दारात दिसेपर्यंत जाणारही नाही.

या बाबा आता, सुखाने. तिकडून पोरावर लक्ष ठेवा.

तेलाचं मी बघते.