अंतराळातला ब्रेक

आता काय सांगू तुम्हाला, माणसानं शोभा करून घ्यायची तर शेजारपाजाऱ्यांसमोर घ्यावी. मी ती थेट दोन अंतराळवीरांसमोर करून घेतली!

दुष्काळाची वर्षं होती. बीड बायपासला आम्ही नवा फ्लॅट घेतला होता. चहूकडं इमारतीवर इमारत उगवत होती, पाऊस तेवढा फिरकत नव्हता, नळाला थेंब नव्हता. पोरगा नोकरीला पुण्याला गेला आणि कॉम्प्युटर, जॉयस्टिक मागं ठेवून गेला. त्यात यान चालवायचा एक खेळ होता. यान वर न्यायचं आणि अंतराळ स्थानकाला अलगद जोडायचं. झालं! मी हट्टालाच पेटले. भाजी फोडणीला टाकायची न् यानात बसायचं. आमचे हे म्हणायचे, "वर पोचलीस की फोन कर." पण जमलं ना मला! एकदा नाय, दरवेळी!

अशात खालच्या मजल्यावरच्या कुलकर्णी वहिनींकडं त्यांची भाची आली. परदेशात अंतराळवीर! सोबत तिचा सहकारी, एक गोरा साहेब, तोही अंतराळवीर. मी धपाट्यांचं ताट घेऊन हजर.

भाची म्हणाली, "काकू, यान सांभाळणं फार अवघड. एकदा ढकललं की ते जातच राहतं."

"मग ब्रेक दाबायचा की!"

"ब्रेक?"

"व्हय! मी रोज दाबते. जागच्या जागी थांबतं."

तिनं साहेबाला इंग्रजीत सांगितलं. त्याचा घास तोंडाशीच थांबला. आता इथं तरी मी गप्प बसावं की नाय? पण जीभ सुटली ना! "तुमची यानं जुन्या बनावटीची असतील," मी म्हणाले.

दोघं ताडकन उठले. "काकू, दाखवाच!" मागोमाग निम्मी बिल्डिंग आमच्या हॉलमध्ये.

मी ऐटीत बसले. यान सोडलं, ब्रेक दाबला, थांबलं, जोडलं. टाळ्या! भाचीनं मात्र पडद्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. माझ्या चष्म्याला आजवर न दिसलेली बारीक इंग्रजी अक्षरं होती तिथं: 'नवशिक्यांसाठी मदत चालू.'

"काकू, यान कॉम्प्युटर चालवतोय," ती हळूच म्हणाली. "तुम्ही नुसत्या बसलाय."

कानशिलं तापली माझी. पण मी बी करमाड गावची! "बंद कर ती मदत. बघतेच!"

अहो, यान भोवऱ्यासारखं गरगरलं! पृथ्वी वर, पृथ्वी खाली, पृथ्वी गायब. साहेब कळवळून "इझी, इझी" करत होता. दोनदा चहा झाला, लोक कंटाळून घरी गेले. मी काही उठले नाय. उजवीकडं जेवढं ढकललं तेवढंच परत डावीकडं ढकलायचं, हे एकदाचं डोक्यात शिरलं. यान शांत झालं. समोर पांढरं काहीतरी चमकलं. सरकत, सरकत... खट्! चिकटलं!

मी खुर्चीतून उडालेच. "जोडलं! मदतीशिवाय जोडलं!"

भाचीनं पडद्याजवळ वाकून नीट बघितलं. "काकू, हात छान बसलाय तुमचा. पण हे स्थानक नाही. आपल्याच यानातून मघाशी सुटलेली इंधनाची टाकी आहे. रिकामी."

दारातून आमचे हे म्हणाले, "अगं, रिकाम्या टाकीसाठी एवढ्या वर कशाला गेलीस? आपल्या गच्चीवर हाय की!"