विझलेल्या कंदिलाची रेघ

नांदगाव खंडेश्वरच्या पंजाबरावांनी तीस वर्षं लोकांच्या विहिरींतला गाळ उपसला. उतरण्याआधी पेटता कंदील दोराने खाली सोडायचा. विझला, तर खाली हवा वाईट आहे असं समजून परत फिरायचं, ही या कामाची रीत. दुसरी रीत अशी, की वर दोर धरणाऱ्याने "जा" म्हटल्याशिवाय विहिरीत पाय घालायचा नाही.

पाच वर्षांपूर्वी तिवस्याजवळच्या एका विहिरीत कंदील विझला. दोर धरणारे बुधाजी म्हणाले, "चाल गा, परत फिर." पंजाबराव हट्टाने उतरले आणि हसत वर आले. मग दुसऱ्यांदा तसंच. सातव्यांदा, अकराव्यांदाही तसंच. कदाचित वारा असेल, कदाचित काचेवर पाणी ठिबकलं असेल. बुधाजींनी मात्र घाबरून काम सोडलं.

पंजाबरावांची मुलगी आचल अमरावतीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी तिने मेंदूतले विजेचे बारीक बदल टिपणारी टोपी बनवली होती. समोर पडद्यावर फुगा. बटण दाबलं की तो फुगतो आणि गुण वाढतात. फुटला की सगळे गुण जातात. कधी थांबायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. फुगा फुटला की पाव सेकंदात मेंदूची रेघ खाली झुकते. 'चुकलं' हे माणसाला कळायच्या आत मेंदू बोलून गेलेला असतो. वीस जणांना तपासलं, वीसही जणांची रेघ झुकली.

एका रविवारी घरी येऊन तिने टोपी वडिलांच्या डोक्यावर चढवली.

"केस त उरलेच नाहीत. चिकटन बराबर," ते म्हणाले.

फुगे फटाफट फुटत गेले. आचलने त्या सगळ्या वेळच्या रेघांची सरासरी काढली. रेघ सपाट होती.

"बाबा, फुटला तवा तुले काईच नाही वाटलं?"

"फुटला त फुटला. मी थोडाच मेलो?"

तिने तारा तपासल्या. आईला, मनकर्णाबाईंना, तीच टोपी घालून पाहिली. त्यांची रेघ नीट झुकली. मग तिने फुग्याऐवजी कंदिलाचं चित्र टाकलं, कधी जळत राहणारं, कधी विझणारं.

कंदील विझला की पंजाबरावांची रेघ वर जात होती. बाकीच्यांची गुण मिळाल्यावर जाते तशी.

एका माणसाच्या रेघेवरून काही सिद्ध होत नाही, हे तिला माहीत होतं. पण दुसऱ्या दिवशी पंजाबराव गावातल्याच केशवरावांच्या विहिरीत उतरणार होते, आणि ती विहीर दोन वर्षं झाकलेली होती.

सकाळी दोर धरायला आचल स्वतः गेली. कंदील बारा हात खाली गेला, ज्योत आखडली आणि विझली. काठावरच्या तुरीचं पानही हलत नव्हतं. पंजाबरावांचा चेहरा उजळला, खूप दिवसांनी घरी आलेल्या माणसासारखा.

"म्हण वं, जा."

"नाही म्हणत."

मग पंजाबरावांच्याच तोंडून बुधाजींचा घोगरा आवाज आला, "जा." त्यांनी पाय आत सोडला.

आचलने त्यांच्या कमरेला बांधलेला दोर ओढला, केशवराव धावले. दोघांनी मिळून त्यांना मातीत पाडलं. त्याच दुपारी केशवरावांनी जेसीबी बोलावून विहीर बुजवली.

तेव्हापासून पंजाबराव चहा घेताना शांतपणे विचारतात, "मी उतरलो असतो त काय झालं असतं?"

"मेला असता, बाबा."

"तुले कसं मालूम?"

न उतरल्याचा निकाल कुठेच लागत नाही.

काल मोर्शीहून एका जुन्या विहिरीसाठी फोन आला. "बाबानं काम सोडलं," असं सांगून आचलने तो ठेवला आणि वळली. पंजाबराव दारात उभे होते. चिडले नाहीत.

"किती हात खोल हाये?" एवढंच त्यांनी विचारलं.