मीरा वाढली

लातूर सोडलं तेव्हा डाळमिलचा पिवळा धुरळा बसच्या काचेवर बसला होता. गुरुजी नांदेडच्या दवाखान्यात होते आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या हृदयात जाळी बसवायची होती. निवृत्तीनंतर या माणसानं दुर्बीण घेतली आणि मीरा नावाच्या ताऱ्याचा नाद धरला. हा तारा काही महिने मंद होत डोळ्यांना दिसेनासा होतो, मग पुन्हा उजळतो. मीही त्याच वेडाचा, म्हणून आमची गट्टी.

दवाखान्यात भेटलो तेव्हा गुरुजी घाबरलेले होते, पण बोलणं मीरेचंच. घरून निघताना बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, ते सांगून आले होते, मीरा परत आली की मीही आलोच समज.

"तुमी उमरीला जाऊन बघा," ते मला म्हणाले. "तुमची वहिनी आभाळाकडं डोळे लावून बसली असंल."

उमरीपासून आत, तुरीच्या रानात त्यांचा आखाडा (शेतातलं राहतं घर). वहिनी मीरेला सवत म्हणतात. त्या संध्याकाळी आभाळ धुरकट होतं. भाकरी आणि अंबाडीची भाजी पुढ्यात ठेवून त्यांनी एवढंच विचारलं, सवत कधी दिसंल. दुसऱ्या दिवशी नांदेडहून दिवसभर फोन आला नाही. रेंजचा तिथं भरवसा नसतो, असं मी त्यांना सांगत होतो आणि स्वतःलाही.

दिवस मावळताच आभाळ स्वच्छ झालं. माळवदावर (मातीच्या सपाट छतावर) दुर्बीण लावली आणि तांबूस ठिपका सापडला. पंधरवड्यापूर्वी गुरुजींना तो शेजारच्या ताऱ्याहून मंद दिसला होता, आता त्याहून चांगला तेजस्वी होता. मला कोण आनंद झाला. वरूनच हाक दिली, "वहिनी, मीरा वाढली."

मी पुन्हा दुर्बिणीला डोळा लावला. बऱ्याच वेळानं जाणवलं की भाकरी थापल्याचा आवाज थांबलाय आणि खालचा दिवाही गेलाय. कुत्रंसुद्धा गप्प होतं.

खाली उतरलो तर अंगण आसपासच्या आखाड्यांवरच्या माणसांनी भरलेलं. अंधारात, डोक्यावर पदर नि उपरणी घेऊन सगळे मुकाट बसलेले. चुलीत पाणी ओतल्याचा ओला वास येत होता. वहिनी भिंतीला टेकून होत्या, त्यांचं कपाळ पुसलेलं होतं.

कडेच्या म्हाताऱ्याला विचारलं, काय झालं.

"गुरुजी गेले."

"कुणी सांगितलं?"

"तुमीच तं सांगितलं. माळवदावरून."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अशुभ तोंडातून निघू नये म्हणून या घरात दिवा विझत नाही, वाढतो. बांगडी फुटत नाही, वाढते. मीरा आली की मीही आलोच, असं गुरुजी सांगून गेलेले. मी मीरा वाढवली होती, आणि तिच्याबरोबर गुरुजींना. हातवारे करून समजावलं, पण पाहुणा सावरून घेतोय असंच सगळ्यांना वाटलं. शेवटी शेवटी माझाही माझ्यावरचा विश्वास उडाला.

तेवढ्यात वहिनींचा फोन वाजला. कुणी हात लावेना. मीच उचलला.

"दिसली का?" आवाज खोल गेलेला, पण गुरुजींचाच.

फोन वहिनींच्या कानाला लावला. त्या ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, "हाव. आली." आणि जे रडू फुटलं, ते सगळ्या अंगणाला फुटलं.

परतताना नांदेडला थांबलो. हसतील म्हणून गुरुजींना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत.

"कोन कोन आलं होतं?"

मी आठवून आठवून सांगत गेलो. त्यात त्यांचे थोरले भाऊ निघाले. बांधाच्या भांडणापासून दोघांचा अबोला, भावानं अंगणात पाऊल टाकलं नव्हतं. त्या संध्याकाळी सगळ्यांत आधी तेच येऊन बसले होते, असं वहिनींनी मला सांगितलं होतं.

गुरुजींनी छताकडं बघत विचारलं,

"रडला का?"

"रडले."

"मग त्याला म्हनावं, उठू नको. मी येऊन राहिलो."

लातूरच्या बसमध्ये माझ्या डोळ्यांपुढं ते अंगणच होतं. आपलं मरण जिथं बसून गेलं, तिथं हा माणूस जाऊन चहा पिणार आणि शेजारी भाऊ असणार. मला त्या कल्पनेची भीती वाटत होती, आणि खरं सांगायचं तर गुरुजींचा हेवाही.