येतो म्हणून गेलेले आबा

भुताखेतांच्या गोष्टी मी हसण्यावारी नेणारा माणूस. बायको सुनंदा पोरीवरून मीठ-मिरच्या ओवाळायला लागली की मी म्हणायचो, "मिरच्या वाया घालू नको, ठेचा कर." त्यामुळे आज हे मीच लिहितोय यावर आधी माझाच विश्वास बसत नाहीये…

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही मूळचे धावड्याचे, पण राहायला भोकरदनला. मी जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाण्याच्या कंपनीत होतो. घरात सुनंदा, पहिलीतली पिंकी आणि माझे वडील, म्हणजे आबा. आजोबा-नात एकाच ताटात जेवायचे. आबा तिला "माय" म्हणायचे आणि ती खरंच त्यांची आई असल्यासारखी त्यांच्यावर डाफरायची.

दिवाळीनंतर एका सकाळी आबांच्या छातीत दुखायला लागलं. जालन्याच्या दवाखान्यात न्यायला जीप आली तेव्हा पिंकी आडवी आली. आबा म्हणाले, "येतो गं माय." आपल्याकडे निघताना "जातो" म्हणत नाहीत. आबा तर याबाबतीत फारच कडक. पिंकी एकदा शाळेला निघताना "जाते" म्हणाली, तर तिला फाटकातून परत बोलावून "येते" म्हणायला लावलं होतं.

मी कामावरून दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. अंत्यविधी धावड्याला झाला. लहान लेकरू म्हणून पिंकीला मावशीकडे ठेवलं होतं. नंतर सुनंदाने तिला जवळ घेऊन सांगितलं, "आबा गेले गं बाळा."

"माहितीये गेले. पण येतो म्हणले ना!"

संध्याकाळी जालन्याची एसटी यायच्या वेळेला ती ओट्यावर जाऊन बसायची. जेवायला बोलावलं की म्हणायची, "आबा आल्यावर." आणि तशीच उपाशी झोपायची. पोरगी वाळून काडी झाली. डॉक्टर म्हणाले, तब्येतीत काही दोष नाही. सुनंदा रोज रडायची… आणि मी चिडायचो, कारण दुसरं काही सुचायचंच नाही.

अशात गावातल्या एका शाळेत फिरतं विज्ञान प्रदर्शन आलं. जागोजागी पाट्या — "हात लावून पाहा"! एरवी कुठंही गेलं की "हात लावू नका" ऐकायची सवय, त्यामुळे मोठी माणसंसुद्धा पोरांना मागे सारून चक्रं फिरवत होती. पोरीचं मन रमेल म्हणून तिला घेऊन गेलो. वाकड्या आरशात माझं पोट बघून ती कितीतरी दिवसांनी हसली.

पटांगणाच्या दोन टोकांना दोन भल्यामोठ्या पराती समोरासमोर उभ्या केल्या होत्या. एकीत हळू बोललं की दुसरीपाशी कान लावणाऱ्याला स्पष्ट ऐकू येतं. सुनंदा पिंकीला घेऊन पलीकडे गेली. मी इकडे बसून हळूच म्हणालो, "पिंके, भजे खायचे का?" आणि कान लावला.

पिंकीचा आवाज आला, अगदी शेजारी बसल्यासारखा. "असं न्हाई म्हणायचं. येतो म्हणा."

मला वाटलं, खेळून राह्यली. थोड्या वेळाने पुन्हा — "मंग मी जेवू का?" आणि मग नुसतं, "बरं."

मी वळून पाहिलं. तिच्याजवळ सुनंदाशिवाय कोणी नव्हतं. पिंकी उठली आणि सावकाश चालत माझ्याकडे आली.

"पप्पा, आबा होते त्याच्यात. जातो माय, म्हणले. मी म्हणलं येतो म्हणा, तर हसले. म्हणले, आता न्हाई येणं होत, तू जेवून घेत जाय."

मागून आलेल्या सुनंदाने पोरीला जवळ ओढलं. "जातो" हा शब्द आमच्या घरात कोणी मेलं तरी काढणार नाही!

त्या संध्याकाळी पिंकी आबांसाठी पहिल्यांदा रडली. पोटभर रडली, आणि मग वरणात भाकरी कुस्करून पोटभर जेवली. पुन्हा ओट्यावर जाऊन बसली नाही.

प्रदर्शनात माहिती सांगणाऱ्या ताईंनी आवाज परातीवर आपटून कसा जातो ते मला समजावलं. तेवढं कळलं. पण बोललं कोण? सुनंदाचा भाऊ म्हणाला, पोरीच्या मनाचे खेळ. असतीलही… पण मनानेच रचायचं होतं तर तिने "येतो" रचलं असतं ना? तिला तेच तर हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून एकटाच गेलो. परातीशी तोंड नेऊन म्हणालो, "आबा, मी आलोय." कान लावला. पलीकडून कुण्या पोराने म्हशीसारखं हंबरून दाखवलं आणि खी-खी करत पळाला. मला हसू आलं, आणि मग डोळे भरून आले.

भुताखेतांवर माझा आजही विश्वास नाही. पिंकीने काय ऐकलं, याचा उलगडाही आजवर झालेला नाही. पण त्या दुसऱ्या दिवशी प्रदर्शनाची माणसं पराती खोलून न्यायला आली तरी मी तिथेच कान लावून बसून होतो… आबा मला "जातो" म्हणाले असते, तरी चाललं असतं.